किमान चिंता

कापसाची वेचणी सुरू झाली की बदनापूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी पांढरी होते. एसटीच्या खिडकीतून वाळल्या पात्याचा, धुळीचा आणि फवारणीच्या उरलेल्या औषधाचा मिसळलेला वास आत येतो. यंदाही आला. रविवार होता, मी गावाकडं निघाले होते आणि खरं सांगायचं तर डोळे मिटत होते. आठवडाभर मी जालन्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. चेहरे उजळ करते, गॉगल सरळ करते, नावाच्या आधी 'भावी' लावते. रविवारपर्यंत कुठल्याच अक्षराकडं बघायची इच्छा उरत नाही. त्यात आदल्या दिवशी शेजारच्या जावेदचा फोन आला होता. "पुन्हा नोटीस लागली. ह्या वेळेला ओढ्याकाठच्या पट्टीची. अण्णांनी बोलावलंय तुला." कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी बोलावलं म्हणजे पत्रक लिहायचं असतं.

फाट्यावर उतरून ओढ्याच्या कडेनं चालू लागले तेव्हा वेड्या बाभळीच्या झुडपातून आवाज आला. चक्. जरा वेळानं पुन्हा, चक्. कुणाचं काही वाईट झालेलं ऐकलं की आपल्याकडच्या बायका जीभ टाळूला लावून चुकचुकतात, तसा. फक्त त्याहून लहान आणि कोरडा, जणू चुकचुकणारीला पुढं बोलायचं नाहीच.

थांबून बघायची आता गरज पडत नाही. आला होता तो.

पुस्तकात त्याचं नाव पायमोज वटवट्या असं दिलेलं आहे. चिमणीहून बारका, मातकट, डोळ्यावर फिकट भुवईची रेघ, बाकी सांगण्यासारखं काही नाही. पायाची बोटं नळीपेक्षा जरा गडद असतात, त्यामुळं मोजे घातल्यासारखा दिसतो म्हणे. मी इतक्या वर्षांत ते मोजे एकदाच नीट पाहिले, तेही जावेदच्या कॅमेऱ्यात. उन्हाळ्यात हा पार रशिया-कझाकस्तानकडच्या माळांवर घरटं करतो आणि पाऊस सरता सरता इकडं येतो. आमच्या शाळेतली पोरं थंडीतही अनवाणी फिरतात, तिथं हा एवढ्या लांबून मोजे घालून येतो आणि बोरी-बाभळीच्या काट्यांत सबंध हिवाळा काढतो. गावात त्याला वेगळं नाव नाही. चिमणीहून लहान असलेलं जे काही आहे, ते सगळं 'बारकी चिमणी'.

वटवट हा शब्द मात्र आमच्या घरात फार आधीपासून होता. तो माझ्यासाठी होता. "बापाचं पाम्प्लेट संपलं, आता लेकीची वटवट ऐका," असं आई भाकरी थापताना म्हणायची आणि पीठ झटकायची.

अण्णांचं काम मोटारी भरायचं. विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडून काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यानं बसवायची. पण पंचक्रोशीत कुठंही मोर्चा निघाला, रास्ता रोको झाला, रोजगार हमीचं काम बंद पडलं, तर त्याचं पत्रक अण्णांनी लिहिलेलं असायचं. छापखान्यातून उरलेले गठ्ठे आमच्याकडं येत. फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, भाकरीच्या टोपलीत पत्रक, लोणच्याच्या बरणीखाली पत्रक. कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आणि छापील बाजूवर अक्षरं शिकले. पहिलीत गुरुजींनी 'ध' कशाचा विचारल्यावर बाकीची पोरं धनुष्याचा म्हणाली. मी म्हणाले, धिक्काराचा. अण्णांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं असत. पूर्णविराम हा प्रकार फक्त शाळेच्या पुस्तकांसाठी असतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. तेही त्या पत्रकांतूनच उचललेलं असणार.

काही वर्षांपूर्वी पहिली नोटीस लागली, त्या वर्षीची वेचणी मला अशी तुकड्या-तुकड्यांत आठवते. सकाळचं धुकं, त्यात ओलसर कापूस, तो ओलाच वेचला म्हणून आईचं कुणावर तरी खेकसणं. बोंडाच्या टोकानं नखाजवळ पडलेल्या चिरा. तुरीला आलेली पिवळी फुलं. गायरानात तरवडही पिवळा, त्यामुळं शेत कुठं संपलं आणि माळ कुठं सुरू झाला हे लांबून कळायचं नाही. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवलेला एक कागद, ज्यात लिहिलं होतं की गावच्या गायरानावर सौर प्रकल्प प्रस्तावित आहे, हरकती असल्यास कळवाव्यात.

गायरान म्हणजे काय, हे गावाबाहेरच्या माणसाला सांगणं अवघड आहे. कागदावर ती पडीक जमीन असते. आमच्या गावात ज्यांच्या नावावर एक वीतही जमीन नाही, त्यांची ती एकमेव जमीन होती. शकिलाचाची त्यातली. आमच्या घरामागंच तिचं घर. नवरा लवकर गेला, मग तिनं शेळ्या पाळल्या आणि त्या शेळ्यांवर जावेदला शिकवलं. जावेद लग्नांचे फोटो काढतो. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, तोवर कॅमेरा रिकामाच असतो. त्या रिकाम्या दिवसांत तो गायरानात जाऊन पाखरांवर हात साफ करायचा. "नवरीपेक्षा बरी," म्हणायचा. "हसा म्हणायची गरज न्हाई."

नोटीस लागल्यावर त्या फोटोंकडं सगळ्यांचं लक्ष गेलं. कुठंतरी एका पक्ष्यामुळं प्रकल्प थांबला, अशी बातमी कुणाच्या तरी फोनवर आली होती. तेव्हापासून गायरानातल्या प्रत्येक हलत्या गोष्टीकडं लोक एकाच प्रश्नानं बघू लागले. दुर्मिळ आहे का? सरडा दिसला, दुर्मिळ आहे का? घोरपड, तितर, एक म्हातारं कासव, जे खरं तर शाळेच्या हौदातून पळालं होतं. मोठी पाखरं आमच्याकडं नाहीतच. माळढोक अण्णांच्या लहानपणी होता म्हणतात. त्याचं आता काय सांगायचं. शेवटी जावेदच्या कॅमेऱ्यात हा सापडला. बाभळीच्या काटकीवर, मान तिरकी, पायांत मोजे. कझाकस्तानातून आलाय म्हटल्यावर आमच्या ओट्यावरचे सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. एवढ्या लांबून येणारा प्राणी साधासुधा कसा असेल?

जावेद फोनमध्ये शोधत राहिला. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. जगातले कुठले जीव संपत आलेत याची एक यादी असते, तिच्यात प्रत्येकाला एक दर्जा असतो. अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असं खाली खाली येत. याचा दर्जा सापडल्यावर जावेदनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"न्हाई गं क्रांती. ह्यात काहीच न्हाई."

दर्जा होता, किमान चिंता.

पत्रक लिहायला मीच बसले होते. अण्णांचा आवाज तेव्हाच बसायला लागला होता, मोठ्यानं बोलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं होतं. ते खुर्चीत बसून मोटारीची तार उलगडत होते.

"दुर्मिळ ल्ही," जावेद म्हणाला.

"दुर्मिळ नाहीये."

"कोण बघायला जातंय? कचेरीत कोणाला म्हाईत्ये वटवट्या?"

"मला माहितीये."

"तुला म्हाईत्ये म्हणून अम्मीच्या शेळ्यांचं पोट भरंल का? एक शब्द लिहायला तुझं काय जाऊन राह्यलं?"

त्या वयात मला अशा प्रश्नांची फार लांब उत्तरं येत असत. पण समोर जावेद होता, आणि शेळ्या खरोखरच त्याच्या आईच्या होत्या. अण्णा घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "आपण तिखट छापलंय आजवर. खोटं न्हाई छापलं."

"तिखटानं झालं काय काका?" जावेदनं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच उत्तर हवं होतं. अण्णांनी पुन्हा तार हातात घेतली.

मी लिहिलं ते असं होतं की या गायरानात शेळ्या चरतात, सरपण मिळतं, बोरं मिळतात, आणि दर हिवाळ्यात हा पक्षी येतो, ज्याला बोरी-बाभळीशिवाय राहता येत नाही. शेवटी तीन उद्गारचिन्हं दिली. ती मात्र हौसेनं दिली. पत्रक वाटलं, त्याचीच हरकत करून कचेरीत दिली, सह्या-अंगठे घेतले. मग पुन्हा वेचणी. दुसरी वेचणी, तिसरी वेचणी. दरवेळी कापूस आदल्या खेपेपेक्षा पिवळट आणि आखूड. उत्तराची वाट बघण्यात तो हिवाळा गेला. वटवट्या गायरानात चुकचुकत होता आणि मला ते ऐकताना वाटायचं, साक्षीदार आहे आपल्याकडं.

उत्तर ग्रामसभेत वाचलं गेलं. ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली, थंडीतल्या दुपारच्या उन्हात. बायका एरवी ग्रामसभेला येत नाहीत, त्या दिवशी आल्या होत्या. ग्रामसेवक वाचत होते: "सदर गायरानात आढळून येणारा पायमोज वटवट्या हा पक्षी जागतिक यादीनुसार 'किमान चिंता' या वर्गवारीत मोडतो." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कागद टेबलावर ठेवून ते कानाला फोन लावून बाजूला गेले; पुढची ओळ मला तिथूनच वाचता आली.

मधल्या वेळात ते दोन शब्द लिंबाखाली फिरले. मी लोकांच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून मला ते फिरताना दिसले. आधी एक म्हातारा दुसऱ्याकडं वळला. मग बायकांत कुजबूज झाली. मग शकिलाचाची उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली, "किमान चिंता तर हाय."

"तर काय," म्हातारा म्हणाला. "आपली येवढी तरी चिंता आजपावतर कुणी केल्ती का?"

किमान. निदान. काही नाही तर एवढं तरी. आमच्या बोलण्यात त्या शब्दाला हाच अर्थ आहे. किमान फोन तरी करायचा. किमान पाणी तरी विचारायचं. त्यात मागणाऱ्याचा सगळा मान गुंडाळलेला असतो. जास्त मागत नाही, पण एवढं तर द्याल? आणि सरकारी कागद म्हणत होता, किमान चिंता. म्हणजे एवढी तर दिली.

चाचीनं पदराची गाठ सोडून शेंगदाणे आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. "तुझ्या चिमणीनं काम केलं बेटी."

सरपंचाला सगळं कळत होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि मग लोकांना म्हणाला, "ऐकलं ना? वरून चिंता हाय म्हटलंय. मंग आता ठरावावर जल्दी सह्या करा आणि घरी जा, कापूस पडलाय रानात." लोक खरंच उठले. खुशीत उठले. सहीच्या टेबलाकडं निघाले. ठराव प्रकल्पाला संमतीचा होता.

मुठीत गूळ तसाच होता. "चाची," मी म्हणाले, "त्याचा अर्थ तसा नाही."

"मंग कसा?"

"किमान म्हणजे सगळ्यात कमी. ज्याच्यासाठी चिंता करायची गरजच नाही असा पक्षी. भरपूर आहेत म्हणून. त्याच्यासाठी काही थांबवायची गरज नाही, असं लिहिलंय पुढं."

चाची सहीच्या टेबलाकडं पाठ करून उभी राहिली. बाकीचेही थांबले.

"म्हंजे कोणालाच फिकीर न्हाई."

"हो."

"मंग तसं सीधं लिहायचं ना," ती म्हणाली. "आमच्याशी येवढ्या अदबीनं कायको बोलते?"

सरपंच हसला. "क्रांतीताई, वटवट्याबी तुमचा, वटवटबी तुमचीच. आता आम्ही काय बोलावं?" त्यावर बरेच लोक हसले. चांगलाच विनोद होता. मलाही थोडं हसू आलं. काहींनी सह्या केल्या नाहीत, काहींनी केल्या, काही नुसते निघून गेले. ठराव झालाच. उन्हाळ्यात गायरानाला तारेचं कुंपण पडलं. ओढ्याकाठची एक चिंचोळी पट्टी तेवढी बाहेर राहिली. ती आमच्या पत्रकानं राहिली नाही. तिथं पुराचं पाणी येतं म्हणून राहिली.

मला त्या यादीचा फार राग यायचा. आता तेवढा येत नाही. राग कमी झाला की दमल्याचं तेवढं कळतं. यादी खोटं बोलत नाही, हेही मला तेव्हाच कळत होतं. ती एवढंच विचारते की हा सबंध वंश पृथ्वीवरून जाणार आहे का. नाही जाणार. तिकडच्या माळांवर तो हजारोंनी असेल, इकडंही गुजरातपासून खाली कर्नाटकापर्यंत जिथं बाभूळ आहे तिथं असेल. आमच्या ओढ्याकाठची दोन-चार पाखरं एका हिवाळ्यात आली नाहीत, तर कुणाला यादीत काही खोडावं लागणार नाही. प्रश्न असा आहे की ज्यांचं संपूर्ण संपत आलेलं नाही, नुसतं थोडं थोडं जातंय, त्यांनी कुठं जायचं? चाचीच्या शेळ्या एकदम गेल्या नाहीत. दर बाजाराला एक गेली. मोटारी भरायचं काम बंद पडलं नाही, कमी झालं. माझ्या बरोबरीची पोरं गाव सोडून गेली असंही कुणी म्हणणार नाही. ती येतात ना सणाला. आमच्यापेक्षा वाईट कुठंतरी आहेच, आणि आमचा नंबर त्याच्या खाली आहे. मोर्चात घोषणा द्यायला काही तरी ठळक लागतं. एवढ्या बारीक झिजण्याची घोषणा कशी करायची, हे अण्णांच्या कुठल्या पत्रकात मला सापडलं नाही.

गावानं मात्र तो शब्द सोडला नाही. पहिले काही महिने मला चिडवायला वापरला, मग नुसताच वापरात राहिला. "काय पाव्हणं, बरंय का?" "किमान चिंता हाय." कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोराला दहावीत कसेबसे मार्क पडले, किमान चिंता. एसटीच्या कंडक्टरलाही आता माहीत झालंय. चाचीचा गुडघा दुखतो, डॉक्टर म्हणाला, वयाचं आहे, घाबरायचं कारण नाही. ती बाहेर येऊन जावेदला म्हणाली, "चल. किमान चिंता बोल्ता हाय."

अण्णांच्या घशाची गाठ काढली तेव्हा आम्ही तिघं रिपोर्टची वाट बघत जालन्यात एका दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. डॉक्टरनी रिपोर्ट वाचून सांगितलं, साधी गाठ आहे, काळजीचं काही नाही. आईनं हात जोडले. जिन्यावर अण्णा थांबले, माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "किमान चिंता." आम्ही दोघं जिन्यात भिंतीला टेकून हसलो, आई खालून ओरडेपर्यंत हसलो. डॉक्टर खरंच बोलले होते. अण्णांच्या जिवाला काहीच धोका नव्हता. फक्त आवाज परत आला नाही. जो माणूस माईक नसताना बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा, तो आता जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नाही.

तर त्या रविवारी मी घरी पोचले तेव्हा ओट्यावर सगळे होते. अण्णा खुर्चीत, चाची पायरीवर, तिच्या उरलेल्या शेळ्या आमच्याच शेवग्याला बांधलेल्या. जावेद मोटारसायकलवर आडवा बसला होता. आईनं चहा दिला आणि वेचलेल्या कापसातला कचरा निवडत दारात बसली. नोटिशीचा फोटो जावेदनं दाखवला. ओढ्याकाठची पट्टी विजेच्या मोठ्या तारांच्या खांबांसाठी हवी होती. हरकती असल्यास कळवाव्यात.

अण्णांनी हातानं खूण केली. लिही.

"नाही होत अण्णा," मी म्हणाले. "काय लिहू? तेच लिहायचं, तेच उत्तर येणार. मी दिवसभर अक्षरंच बघते. माझ्यानं होत नाही."

हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हणत होते. वाटलं, कुणी तरी समजूत घालेल किंवा कुणी तरी रागवेल. अण्णांनी नुसती मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं होतं. ते जास्त लागलं.

"आल्ता का? दिसला तुला येताना?" चाचीनं विचारलं. "तो मोजेवाला?"

"दिसला नाही. आवाज आला."

"बघ. तो कुठून कुठून येऊन राह्यला. तुला जालन्याहून येऊन चार ओळी जड झाल्या."

"अम्मी, दमली ती," जावेद म्हणाला.

"तो न्हाई दमत का?" चाची म्हणाली. "पण पट्टी गेल्यावर ह्यांना मी कुठं नेऊ, ते सांगा मला कोणी. दमून सांगा, पण सांगा." ती शेळ्यांकडं बघत होती, आमच्याकडं नाही. शेळ्यांपैकी एकीनं शेवग्याची साल सोलायला घेतली होती. आईनं बसल्या जागेवरून तिला हाकललं.

मग मी आतून कागद आणला. घरात कोरा कागद कधीच नसतो. जुन्याच एका पत्रकाची पाठ होती. जावेद माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्या वेळेला मी न्हाई म्हणत दुर्मिळ ल्ही." मी म्हणाले, "माहितीये." लिहायला फार वेळ लागला नाही. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं, कापसाच्या ढिगावर पडलं होतं. दुकानात मी दिवसभर ज्या शब्दांना रंग देते, त्यातला एकही लागला नाही. मी लिहिलं:

'ओढ्याकाठी दर हिवाळ्यात पायमोज वटवट्या येतो. हा पक्षी दुर्मिळ नाही. जगाच्या यादीत त्याचा दर्जा किमान चिंता असा आहे. आम्हीही दुर्मिळ नाही. शेळ्या राखणारी माणसं सगळीकडं आहेत. पण या ओढ्याकाठी तो आहे आणि आम्ही आहोत, आणि आम्हा दोघांना दुसरी जागा नाही'

चाचीला वाचून दाखवलं. तिनं 'किमान चिंता' पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता बराबर. आता सीधं हाय."

कागद अण्णांकडं दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बोट ओळीखाली फिरवत, मोटारीची तार तपासतात तसा. शेवटच्या ओळीशी थांबले. मला माहीत होतं ते काय शोधतायत. पेन मागितलं. मी दिलं. पेनाचं टोक बराच वेळ कागदाच्या वर तसंच होतं. मी म्हणाले, "तुम्हाला पाहिजे तर द्या तीन."

त्यांनी मान आडवी हलवली. 'नाही' या शब्दापुढं मी विसरलेला पूर्णविराम दिला आणि कागद परत केला.